गाडी जाऊ दे

प्रभाताईंचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. प्रभाताई म्हणजे इथल्या, रायपुरच्या समता कॉलोनीतल्या आमच्या शेजारीण, दिवाळी अंकाचं सगळं त्याच पाहतात. म्हणाल्या, ‘‘कुंदाताई, तेवीस वर्षं तुम्ही अनाथ पोरींमध्ये काढली. लिहा न काही. पण गोड लिहा बरं, सणाचं आहे.’’ मी हो म्हणून बसले. आता कागद घेतला तर गोड आठवणी येतात, नाही असं नाही, पण सगळ्या एकाच दिवसापाशी येऊन अडतात. तो दिवस गोड नाही. प्रभाताईंनी छापायचं की नाही ते ठरवावं.

मी मुलींच्या बालगृहात गृहमाता होते. सरकारी कागदावर गृहमातेची कामं फार भारदस्त शब्दांत लिहिली आहेत. खरं काम म्हणजे चाळीस पोरींच्या उवा, चाळीस पोरींचे ताप आणि ‘‘मौसी, इसने मेरी क्लिप ली’’ असले दिवसाला वीस खटले. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला की दोरीवरचे फ्रॉक काळे व्हायचे, ते परत धुवा. मुली कुठून यायच्या? कोणी स्टेशनवर सापडलेली, कोणाची आई वारलेली आणि बाप पिऊन पडलेला, कोणाला जत्रेत मुद्दाम सोडून गेलेले. बालकल्याण समितीचा कागद यायचा, त्यासोबत पोरगी यायची. नवी पोरगी पहिले आठ-दहा दिवस उशीखाली पोळी लपवते. तिला रागवायचं नसतं. उद्याही जेवण मिळतं याची खात्री पटली की आपणच थांबते. हे मला कोणी शिकवलं नाही, मी पाहून पाहून शिकले. मला या गोष्टीचा गर्व होता की पोरीच्या तोंडाकडे पाहून तिला काय झालं ते मला कळतं. गर्व होता म्हणते, ते लक्षात ठेवा.

वर्षातून दोनदा पाहुणे यायचे. चर्चचे गट, कधी बंगलोर-केरळकडचे, बहुतेक परदेशातले. त्याला ते ‘मिशन ट्रिप’ म्हणायचे, आमच्या पोरी त्यांना ‘मिसनवाले’ म्हणायच्या. आठ दिवस राहायचं, मुलांसोबत खेळायचं, काही सेवेचं काम करायचं आणि परत जायचं. आमचा ट्रस्ट काही चर्चचा नव्हता, पण कोणाची तरी ओळख असायची आणि येणाऱ्याला नाही कसं म्हणणार?

पण सेवेचं काम आणायचं कुठून, हा मोठा प्रश्न होता. पोरींना आंघोळी घालायला त्यांना भाषा येत नव्हती. स्वयंपाकघरात जानकीबाई, आमची स्वयंपाकीण, कोणाला पाय ठेवू देत नसे. शेवटी आम्ही एक भिंत शोधून काढली. मागच्या अंगणातली, पाण्याच्या टाकीजवळची. प्रत्येक गटाला ती रंगवायला द्यायची. कोणी त्यावर इंद्रधनुष्य काढलं, कोणी फुलपाखरं. एका उंच भैयानं हत्ती काढला, तो डुकरासारखा झाला, पोरी हसून हसून लोळल्या. ते गेले की पुढचा गट यायच्या आधी आम्ही चुन्याचा हात मारून भिंत पांढरी करायचो. जानकीबाई म्हणायची, ‘‘दीदी, ये दीवार एक दिन मोटी होके रस्ते पे आ जाएगी.’’

चेष्टा करते आहे, पण माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगते. एक आजीबाई यायच्या, त्या कोणी न सांगता संडास घासायच्या. मनापासून यायचे लोक. आठ दिवसांत त्यांचा जीव जडायचा आणि जाताना रडायचे.

हे रडण्याचंच सांगायचं आहे.

सुरुवात अशी झाली. एका वर्षी पाहुणे निघाले तेव्हा दोन-तीन लहान पोरी खरोखर रडल्या. पाहुणे विरघळले. परत गेल्यावर त्यांनी गाद्या पाठवल्या, पाण्याचं मशीन पाठवलं. पुढच्या वर्षी ट्रस्टचे सेक्रेटरी साहेब मला म्हणाले, ‘‘मैडम, विदाई इस बार भी वैसी ही अच्छी होनी चाहिए.’’ एवढंच म्हणाले. ‘रडवा’ असं ते कधीच म्हणाले नाहीत. ते माझ्या डोक्यातून निघालं.

मला समारंभ बसवायची भारी हौस. पाहुण्यांना अंगणात खुर्च्या, पोरी समोर रांगेत. प्रत्येकीनं आपल्या दीदीच्या, भैयाच्या मनगटाला धागा बांधायचा, एक गाणं म्हणायचं. गाणं संपता संपता ज्यांना लवकर रडू येतं त्या पुढे. ज्यांना येत नाही त्या मागे, मान खाली घालून. ‘‘मौसी, रोना नहीं आता तो?’’ असं एकीनं विचारलं, तर मी काय सांगितलं माहीत आहे? मी सांगितलं, ‘‘आपल्या आईची आठवण कर. येते मग.’’

हे वाक्य मी बोलले. तेवीस वर्षांत ज्या पोरींच्या मनातून आईचं दुःख कमी व्हावं म्हणून मी जागची हलले नाही, त्याच पोरींना मी ते वर्षातून दोनदा बाहेर काढायला लावत होते. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. घराचं भलं होऊन राहिलं, पोरींना गाद्या मिळून राहिल्या, काय बिघडलं?

एकदा दुपारी मी टाकीमागून येत होते तर पाच-सहा पोरी विदाई-विदाई खेळत होत्या. एक उलट्या बादलीवर पाहुणी होऊन बसलेली. एक माझा पदर खोचायचा थाट करून उभी, कमरेवर हात: ‘‘चलो, गाना खतम! ए पोट्टी, रो ना! जोर से नहीं, अच्छे से!’’ आणि बाकीच्या खरंच अच्छे से रडत होत्या. मी हसत सुटले. जानकीबाईला सांगितलं, घरी येऊन सांगितलं, सगळ्यांना नक्कल करून दाखवली. त्या दिवशी मला हसू काहून आलं, ते मला आज कळत नाही.

त्याच सुमारास सुखमती आली. गरियाबंदकडच्या जंगलातल्या एका गावातली, आठेक वर्षांची. सावळी, काटकुळी, कपाळावर बारीक गोंदण. आई वारली होती, काकानं आणून सोडली. ही पोरगी रडायची नाही. पडली, गुडघा फुटला, नाही. काका गेला तेव्हा नाही. इंजेक्शनला नुसती भिंतीकडे पाहायची. पहिल्या विदाईत मी तिला मागे उभं केलं होतं आणि जानकीबाईला म्हटलं होतं, ‘‘हे पोट्टी म्हणजे दगड आहे.’’

पुढचा गट आला त्यात हॅना नावाची एक मुलगी होती. वीस-बावीसची, कुठल्याशा शाळेत शिकवायची. तिला सुखमतीच आवडली. आठ दिवस तिनं त्या पोरीला बुटाची नाडी बांधायला शिकवलं. दोघींची भाषा वेगळी, पण पायरीवर बसून तासन्‌तास नाडी बांधायच्या आणि सोडायच्या. एक दिवस पाहुण्यांना आणि पोरींना नवा रायपुर फिरवायला नेलं, तिथल्या त्या रिकाम्या रुंद रस्त्यावर सुखमती तिचं बोट धरून पळाली. पळाली म्हणजे हसत पळाली. मी मनात म्हटलं, यंदा ही पुढच्या रांगेत.

जायचा दिवस. गाडी दुपारी तीनची ठरलेली. सकाळी जानकीबाई म्हणाली, ‘‘सुखमती ने पोहा नहीं खाया.’’ मी म्हटलं, हॅना चालली म्हणून तोंड उतरलं असेल. जेवायलाही ती बसली नाही. मी खुर्च्या मांडत होते, धागे मोजत होते, हार आले नव्हते म्हणून फोन करत होते. तेव्हा ती माझ्याजवळ आली. पदर ओढला. ‘‘मौसी, पेट पिरात हे.’’ पोट दुखते आहे.

मी तिच्याकडे पाहिलंही नाही. म्हटलं, ‘‘थांब. आधी गाडी जाऊ दे.’’

ती ‘हव’ म्हणाली आणि जाऊन रांगेत उभी राहिली.

गाणं झालं, धागे झाले. आणि सुखमतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तोंडातून आवाज नाही, ओठ दाबलेले, नुसतं पाणी. हॅनानं तिला उचललं, छातीशी धरलं. पोरगी तिच्या कानाशी काहीतरी म्हणत होती. हॅना स्वतः हमसून रडत होती, तिला आणखी घट्ट आवळत होती. सगळ्यांचे मोबाइल वर आले. मी व्हरांड्याच्या खांबाशी उभी होते. मी जानकीबाईला कोपरानं ढोसलं आणि म्हटलं, ‘‘पाहा, दगडाले पाझर फुटला.’’

गाडी गेली. आमची व्हॅनही त्यांच्या मागे सामान घेऊन विमानतळावर गेली. फाटक लागलं तशा पोरी नळ बंद केल्यासारख्या थांबल्या. कोणी केळी मागायला लागल्या, कोणी खुर्च्यांवर उड्या मारायला लागल्या. सुखमती थांबली नाही. ती त्या रंगवलेल्या भिंतीला टेकून खाली बसली होती, गुडघे पोटाशी घेतलेले. एक मोठी पोरगी तिला म्हणाली, ‘‘अब किसको दिखा रही है? चले गए सब.’’ मीसुद्धा लांबूनच ओरडले, ‘‘बस झालं न बाई आता! छान केलं!’’

छान केलं. मी तिला शाबासकी दिली.

मग जवळ जाऊन हाताला धरून उठवायला गेले आणि हात भाजला. अंग तापलेलं, ओठ पांढरे. तिला सरळ उभं राहता येईना. मी तिच्या पोटाला बोट लावलं तर ती अशी ओरडली की चाळीस पोरींचं अंगण एकदम गप्प झालं. एवढ्या वेळात पहिल्यांदा मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. आणि मला म्हणे पोरीच्या तोंडाकडे पाहून सगळं कळतं!

व्हॅन नव्हती. जानकीबाईनं रस्त्यावर पळत जाऊन ऑटो थांबवला. पोरीला मांडीवर आडवी घेऊन आमच्या कॉलोनीतल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. ऑटो खड्ड्यात आदळला की ती माझं मनगट दाबायची, पण आवाज नाही. डॉक्टरांनी पोट दाबून हात सोडला आणि म्हणाले, ‘‘इथे थांबू नका. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या, मी फोन करतो.’’ तिकडे नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. सही मी केली. ‘नातं’ असं लिहिलं होतं त्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना, तर तिथल्या सिस्टरनंच ‘गृहमाता’ लिहिलं. तो शब्द मी उलटसुलट वाचत उभी राहिले.

आत न्यायच्या आधी तिथले तरुण सर्जन बाहेर आले.

‘‘कबसे दर्द था?’’

‘‘सकाळपासून,’’ मी म्हटलं, मग हिंदीत सांगितलं, ‘‘सुबह से.’’

‘‘सुबह से? इतने दर्द में बच्ची रोई नहीं?’’

‘‘रोई ना. बहुत रोई.’’

‘‘तो फिर?’’

आतून सिस्टरनं हाक मारली, ते गेले. त्या ‘तो फिर’चं उत्तर मी आजपर्यंत कोणाला दिलं नव्हतं, इथे लिहून देते आहे. ती रडत होती आणि आम्ही चाळीस-पन्नास माणसं तिच्याकडे पाहत होतो. काहीतरी दुखतं म्हणून पोर रडतं, ही साधी गोष्ट त्या अंगणात एकाच्याही डोक्यात आली नाही. ती मी सगळ्यांच्या डोक्यातून काढून टाकली होती.

दोन दिवस काही सांगता येत नाही असंच डॉक्टर म्हणत होते. पोटात पू पसरला होता. मी त्या बाकावरून उठले नाही. देवाला नवससुद्धा बोलता येईना, कोणत्या तोंडानं बोलणार? तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले. नाकात नळी, हातात सुई. माझ्याकडे पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, ‘‘मौसी, गाड़ी चली गई?’’

मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि तोंडात पदर कोंबला.

पोरगी वाचली. टाके सुकायला वेळ लागला, पण वाचली. मी सेक्रेटरी साहेबांना जाऊन सांगितलं, यापुढे विदाईत रांग नाही, गाणं नाही, रडणं तर नाहीच. ते म्हणाले, ‘‘मैडम, बीमारी तो किसी को भी हो सकती है.’’ मी म्हटलं, ‘‘मग दुसरी गृहमाता पाहा.’’ शेवटी ते कबूल झाले. त्यानंतर आमच्या घरात एक नियम झाला. पोरगी रडली की ‘काहून रडतं?’ असं विचारायचं नाही. ‘‘कहाँ दुखता है, हाथ रखके दिखा,’’ असं विचारायचं. लहान पोरी कधी पोटावर हात ठेवायच्या, कधी कानावर. कधी एखादी इकडेतिकडे पाहून शेजारणीच्या क्लिपेवर ठेवायची. पण विचारायचं. हातातलं काम टाकून विचारायचं.

तीन महिन्यांनी परदेशातून एक मोठं पाकीट आलं. त्यात हॅनानं पाठवलेला फोटो होता, मोठा करून. खाली तिनं इंग्रजीत लिहिलं होतं, मी एका ट्रस्टीकडून वाचून घेतलं. लिहिलं होतं की मी निघताना सुखमतीनं माझ्या कानात पुन्हा पुन्हा काहीतरी सांगितलं, मला तिचे शब्द कळले नाहीत, पण तिचं प्रेम कळलं.

फोटो फार सुंदर आला होता. दुपारचं ऊन, हॅनाचे सोनेरी केस, तिच्या खांद्यावर सुखमतीचा चेहरा, गालावर ओघळलेलं पाणी. आणि सुखमतीचा एक हात हॅनाच्या गळ्यात नव्हता. तो दोघींच्या मध्ये होता, उजवीकडे खाली, पोटावर, फ्रॉक मुठीत गच्च धरलेला. फोटोत दिसतो. पाहिलं तर दिसतो. आणि मागे, खांबाशी, जरा धूसर, मी. दात दाखवून हसत असलेली.

हॅनाला काय म्हणू? तिला तर भाषा येत नव्हती. मला येत होती. मला तर पोरीनं आधीच सांगितलं होतं. हॅनाला कळवावं असं दहादा वाटलं, पण तिला कळवून काय करणार होते, तिच्या उरावर धोंडा ठेवायचा आणि आपला हलका करायचा? नाही कळवलं. ते बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता आलं नाही.

सेक्रेटरी साहेबांना फोटो इतका आवडला की त्यांनी फ्रेम करून ऑफिसात लावला. पोरींचे चेहरे असे लावायचे नसतात, कायदा आहे, मी सांगितलं. ते म्हणाले, ‘‘अंदर ही तो है मैडम.’’ पोरींना ऑफिसात यायची परवानगी नव्हती. मी मात्र रोज दोनदा त्या फोटोसमोर बसून रजिस्टर लिहायची. आठ वर्षं लिहिलं. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, किती माया लावता हो तुम्ही लोक!

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. मी आधीच सांगितलं होतं, निरोप-बिरोप नको, मी आपली चहा पिऊन निघेन. तरी शाल आली, नारळ आला. आणि सेक्रेटरी साहेबांनी हसत हसत एक गुंडाळलेली वस्तू माझ्या हातात दिली, ‘‘मैडम, आपके लिए सबसे कीमती चीज.’’ आकारावरूनच मी समजले. तोच फोटो. सगळ्यांसमोर उघडावं लागलं. टाळ्या वाजल्या.

ऑटो फाटकापाशी आला होता. माझ्या पिशव्या उचलायला सुखमती आली. तेव्हा सोळा वर्षांची होती, अकरावीत, माझ्यापेक्षा उंच. मी फ्रेम उलटी धरली होती, पण तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि पायरीवर बसून पाहायला लागली. त्याच पायरीवर, जिथे ती नाडी बांधायला शिकली. खूप वेळ पाहिलं. बोट काचेवरून फिरवत हॅनाच्या केसांवरून आपल्या चेहऱ्यावर, चेहऱ्यावरून त्या मुठीवर आणलं. मुठीवर थांबली. मग बोट मागे खांबाकडे गेलं.

‘‘मौसी, इसमें आप हँस रहे हो.’’

रागानं म्हणाली नाही. दिसलं ते म्हणाली. मी काही बोलण्याआधी तिनंच मला वाट काढून दिली, ‘‘वो लोगों को टाटा कर रहे थे ना आप?’’

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता, सेक्रेटरी साहेब घड्याळ पाहत होते, पोरी फाटकाशी उभ्या होत्या. आठ वर्षं मी मान हलवतच होते.

‘‘नाही बाई,’’ मी म्हटलं, ‘‘तुले पाहून हसून राहिली होती. तू किती छान रडली म्हणून.’’

तिला मराठी समजतं, बोलत नाही. समजलं तिला. तिनं फ्रेम मांडीवर ठेवली आणि फाटकाकडे पाहत राहिली. मग तिची हनुवटी हलायला लागली.

हॉर्न पुन्हा वाजला. ‘‘मौसी, ऑटो,’’ ती म्हणाली.

‘‘थांबू दे त्याले,’’ मी म्हटलं आणि पिशवी खाली ठेवून तिच्याजवळ पायरीवर बसले. ‘‘कुठं दुखते, हात ठेवून दाखव.’’